अळीला सवय झाली नाही

२०१७ चा डिसेंबर. चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतात नाना पऱ्हाटीच्या ओळीत उभे राहून एकेक बोंड फोडून बघत होते. वरून बोंड हिरवंगार. आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला, आणि मधोमध एक गुलाबी अळी निवांत पडलेली. नानांनी दहा बोंडं फोडली, सात कवडी, म्हणजे किडून वाया गेलेली, निघाली. हात झटकत ते म्हणाले, "तिले बी सवय व्हयी गयी रे भाऊ."

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. नानांचं हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही, कारण ते अर्धं बरोबर होतं. अळीत काहीतरी बदललंय हे त्यांनी कुठल्याही पुस्तकाविना ओळखलं होतं. बदल कसा झाला, तिथे चूक होती. आणि ती चूक आमच्या सगळ्या तालुक्याला महागात पडली.

सवय म्हटलं की डोळ्यांपुढे एकच अळी येते. आज थोडं विष खाल्लं, उद्या जरा जास्त, परवा पचलं. दारुड्यासारखं. तसं घडत नाही. बीटी कापसात, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसात, जे प्रथिन असतं ते पोटात गेलं की साधी अळी मरते. सवय लावून घ्यायला तिला वेळच मिळत नाही. पण लाखोंत एखादी अशी असते की तिच्या आतड्याला ते प्रथिन नीट चिकटतच नाही. यात तिचं शहाणपण नाही की चिवटपणा नाही, घडणच जन्मतः जरा निराळी. बीटी येण्याआधी या निराळेपणाचा तिला काडीचा उपयोग नव्हता. २००२ साली बीटी आलं, शेजारच्या सगळ्या मेल्या आणि ही उरली. पुढची पिलावळ हिचीच. साधारण महिन्याला एक पिढी, हंगामात चार-पाच. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, २०१० पर्यंत गुजरातच्या शेतांत पहिल्या जनुकाला न जुमानणारी बोंडअळी असल्याचं कंपनीनेच मान्य केलं, २०१४-१५ च्या सुमारास तिकडे दुसरंही जनुक निकामी ठरू लागलं आणि २०१७ मध्ये ती आमच्या बोंडात येऊन बसली. एकही अळी बदलली नव्हती. अळ्यांची वस्ती बदलली होती.

यावर उपाय सुरुवातीपासून पिशवीतच होता. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर एकशेवीस ग्रॅमचं साध्या कापसाचं पाकीट मिळायचं. लोक त्याला रेफ्युजी म्हणत. ते शेताच्या कडेने लावायचं. त्यावर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग उरल्यासुरल्या चिवट पतंगांशी जुळतील, आणि त्यांची संकरित पिलं बीटीवर मरतील, असा तो हिशोब. तो हिशोब म्हणजे शुद्ध उत्क्रांतिशास्त्र, दुसरं काही नाही. आमच्याकडे ते पाकीट गोठ्याच्या वळचणीला पडून राहायचं किंवा बांधावर फेकलं जायचं. मीसुद्धा दोन वर्षं फेकलेलं आहे, दहावीला उत्क्रांती शिकवत असताना. सूचना मिळायची, कारण कोणी सांगत नसे. आणि अळीला मुद्दाम खायला घालण्यासाठी जमीन सोडायची, हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल? त्यात आमची खास खान्देशी भर: विहिरीला पाणी आहे म्हणून मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड, आणि शेवटचा पैसा निघावा म्हणून मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी झालेली पऱ्हाटी न उपटता तशीच पुढे चालू ठेवायची. ही अळी जवळजवळ कापसावरच जगते. आम्ही तिला वर्षभर ताट वाढून ठेवलं.

नानांच्या त्या वाक्यानंतर महिन्याभरातच, जानेवारी २०१८ मध्ये, औरंगाबादला केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असं सांगितलं. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही, आपल्या पूर्वजांनीही तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला हरकत घेतली. टीव्हीवर ती बातमी बघताना नाना मला म्हणाले, "बरोबर शे ना पण? कोनी देखं?"

ज्या माणसाने महिन्यापूर्वी ते शेतात उभं राहून पाहिलं होतं, तोच हे विचारत होता. या वादाकडे माझं लक्ष लागलं ते तिथून.

माकडाचं आधी मिटवून टाकू. आजच्या माकडाचा माणूस झाला असं डार्विनने म्हटलेलं नाही आणि आजचा कुठलाही जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक, इतकंच म्हणणं आहे. चुलत घराणी असतात तसं. आजोबा एक होते म्हणजे काका माझा बाप होत नाही. पुरावा विचाराल तर चिंपांझीत गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या आहेत, आपल्यात तेवीस. एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तर त्याच्या मध्यभागी, एरवी फक्त टोकाला सापडणारे तुकडे मिळतात. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जोडली गेल्याची ती खूण आहे. आणि मराठी माणसाने तर कोणाची वाट न बघता पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला माकडहाड असं नाव देऊन ठेवलंय.

"पण अळीची अळीच राहिली ना, तिचं फुलपाखरू वेगळं झालं का?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंधरा वर्षांत अळीची अळीच राहते. अजिंठ्याच्या डोंगररांगेतला काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. पंधरा वर्षांत जे होतं ते तेवढ्या काळात किती वेळा, किती दिशांनी होऊ शकतं याचा अंदाज आपल्या डोक्यात मावत नाही. खरी अडचण ती आहे, श्रद्धेची नंतर.

अमेरिकेत ही भांडणं उघड होतात. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात न्यायालयाने उलट निकाल दिला: 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हा दावा, हे विज्ञान नव्हे, ते विज्ञानाच्या वर्गात शिकवता येणार नाही. तरी २०१९ च्या गॅलप पाहणीत सुमारे चाळीस टक्के अमेरिकन लोकांनी देवाने माणूस आजच्याच रूपात, गेल्या दहा हजार वर्षांत घडवला असं सांगितलं. आणि त्याच देशात ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी रेफ्युजीची ओळ नियमाने लावली, वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं सरकारने जाहीर केलं. रविवारी चर्चमध्ये काय ऐकलं ते ऐकलं, सोमवारी शेतात हिशोब उत्क्रांतीचाच मांडला.

आपल्याकडे उलट आहे. डार्विनला शिव्या देणारे थोडे, पण त्याचं म्हणणं खरं धरून वागणारे त्याहून थोडे. केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग ओझं कमी करण्याच्या नावाखाली काढला आणि २०२३ च्या छापील पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचं नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्यांना तो भाग मिळतो असं उत्तर आलं. पण दहावीनंतर कॉमर्सला, आयटीआयला किंवा सरळ शेतात जाणाऱ्या मुलांचं काय? कापूस तर तीच मुलं लावणार आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ते प्रकरण आहे, तेही भाग दोनमधलं पहिलंच. वर्गात त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. एका शाळेत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं: "पेपरला येतं म्हणून पाठ करा, मनावर घेऊ नका." ज्या शिक्षकाने ते सांगितलं तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटत होतं आपण मुलांची श्रद्धा वाचवतोय.

या 'श्रद्धा वाचवण्या'बद्दलच मला बोलायचं आहे, कारण आमच्या मातीतली श्रद्धा इतकी लेचीपेची नाही.

मुक्ताई आमची. तापीकाठी मेहूणला ती गुप्त झाली असं मानतात आणि मुक्ताईनगरहून तिची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. मुंगी आकाशात उडाली आणि तिने सूर्य गिळला, असं तिच्या अभंगात आहे. शेकडो वर्षं वारकरी तो म्हणतात. मुंगीचं तोंड केवढं असेल, सूर्य गिळल्यावर अंधार कसा पडला नाही, असं एकाही माळकऱ्याने विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि मुंगीने सूर्य गिळला हे भूगोलाच्या पुस्तकात घाला, अशी मागणीही कोणी केलेली नाही. कूट, म्हणजे कोड्यात बोलणं, काय असतं हे शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतं. मग हीच माणसं सृष्टीच्या कथेपाशी आली की अक्षराला अक्षर का धरतात? माझा संशय असा की ती धरत नाहीत. त्यांच्या वतीने दुसरे कोणीतरी धरतात, ज्यांना अभंगापेक्षा मोर्चा जास्त येतो.

आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख देवीच्या देवळात मिळाला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. (हा चांगदेव म्हणजे वाघावर बसून आलेला योगी नव्हे, गावात निम्मे लोक तसंच सांगतात.) १११४ साली जन्मलेले भास्कराचार्य सश्रद्ध होते, ग्रंथारंभी देवाला वंदन करणारे. पण पृथ्वीला कोणाचा तरी आधार आहे या समजुतीवर गोलाध्यायात ते विचारतात: पृथ्वीला आधार हवा तर त्या आधाराला दुसरा हवा, त्याला तिसरा, याला अंत कुठे? आणि शेवटचा कोणीतरी स्वतःच्या शक्तीने टिकतो असं मानायचंच असेल, तर ते पहिल्यालाच, पृथ्वीलाच, का मानू नये? आज हे कोणी चौकात बोललं तर शेषनागाचा अपमान झाला म्हणून निवेदन निघेल. आठशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याच्या ग्रंथांसाठी मठ निघाला.

आता दशावतार. "डार्विनने सांगितलं ते आपल्याकडे आधीच होतं: आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका माणूस." हे मला दर वर्षी एखाद्या पालकाने समजावलेलं आहे, प्रेमाने. ऐकायला गोड आहे आणि यात डार्विनला विरोधही नाही, म्हणून बरेच विज्ञान शिक्षक त्यावर मान डोलावून मोकळे होतात. मी डोलावत नाही. माशाच्या पोटी कासव आलं असं कुठलंही पुराण सांगत नाही. प्रत्येक अवतार स्वतंत्र, प्रत्येकाचं कार्य वेगळं. सिंह माणसाचा पूर्वज नाही. आणि सजीव पायरी पायरीने चढत वर आले, शेवटच्या पायरीवर आपण, हे चित्रच चुकीचं आहे. उत्क्रांती शिडीसारखी नसते, निवडुंगासारखी कुठूनही फुटते. त्याच अवतारांना जोतीराव फुल्यांनी स्वाऱ्यांचा इतिहास म्हणून वाचलं होतं. गोष्ट तीच, वाचणारे दोन. पृथ्वीच्या वयाचंही तेच. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि उल्कांमधल्या शिशावरून क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये पृथ्वीचं वय काढलं ते सुमारे ४५५ कोटी. आकडे जवळ आले म्हणून लोक हरखतात. परीक्षेत उत्तर जवळपास आलं पण रीत लिहिली नाही, तर मी गुण देत नसे.

चर्चमधली सहा दिवसांत सृष्टी घडल्याची गोष्ट आणि आदम मातीतून घडल्याची गोष्ट यांनाही हाच न्याय. नवापूर-अक्कलकुव्याकडे आज दोन्ही-तिन्ही परंपरा शेजारी नांदतात, म्हणून एकालाच झोडपून चालायचं नाही. आणि खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही आता नुसत्या कल्पनेहून अधिक आहे असं मान्य केलं होतं.

मुळात कोण कशातून जन्मलं या प्रश्नाला आपल्याकडे कधीच नुसत्या कुतूहलाची किंमत नव्हती. मुखातून एक, बाहूंतून दुसरा, मांड्यांतून तिसरा, पायांतून चौथा; ही उत्पत्तिकथा जेव्हा शब्दशः घेतली गेली तेव्हा पाणवठे वाटले गेले. कविता म्हणून तिचा काही अर्थ लावता येईलही. ती जन्मदाखला झाली तिथे घात झाला. फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त नेमकं तेच केलं: बरं, शब्दशः घेऊ, म्हणाले. चारही अवयवांतून लेकरं झाली तर ब्रह्मदेवाने चारही ठिकाणचा विटाळ कसा पाळला? शब्दशः वाचणाऱ्याला शब्दशःच उत्तर. आणि तेच फुले निर्मिक मानत होते. सृष्टीला कोणीतरी निर्माण करणारा आहे यावर त्यांचा अखेरपर्यंत विश्वास होता. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही सरळ बसायची. निर्मिक ठेवून उत्पत्तीची खोटी वंशावळ फाडता येते, दोन्ही एकाच माणसाने केलंय, तेही मराठीत. उत्क्रांती त्यात एवढीच भर घालते की सगळ्यांची वंशावळ एक आहे, आणि ती तपासता येते.

उत्क्रांतीच्या नावाखालीही लोकांनी घाण केली, हे लपवायचं कारण नाही. बलवान तोच जगणार, म्हणून दुबळ्याला चिरडा, असं सांगणारे युरोपात निघाले आणि त्यांनी वंशशुद्धीचे कायदे केले. निसर्गात काय घडतं यावरून माणसाने काय करावं हे ठरत नाही. बोंडअळी काही आपला आदर्श नव्हे. पालकांच्या मनातली "मुलं जनावरांसारखी वागतील" ही भीती तिथून येते, आणि ती भीती मला मंत्र्यांच्या विधानापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

केळ्याबद्दल सांगायचं राहिलं. अमेरिकेतल्या एका धर्मप्रचारकाने केळं हातात धरून दाखवलं होतं: बघा, मुठीत बरोबर बसतं, सोलायला वरून टोक दिलंय, तोंडाच्या बाजूला वाकलंय, बी नाही, देवाने माणसासाठीच घडवलं. रावेर-यावलच्या कुठल्याही केळीवाल्याला याचं हसू येईल. रानकेळीत खचाखच कडक बिया असतात, गर नावाला. आजचं केळं न्यू गिनी आणि आग्नेय आशियातल्या माणसांनी हजारो वर्षं निवडत, कंद उचलून लावत आणलंय. बी नाही ही त्याची थोरवी नाही, अधूपण आहे. आमच्या बागांमधली ग्रँड नैन झाडं एकमेकांची नक्कल आहेत, त्यांच्यात निराळी निघणारी कोणी नाही. ग्रॉस मिशेल नावाची जात अशीच जगभर लावली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने तिचे मळे संपवले आणि मग कॅव्हेंडिश आली, जिची ग्रँड नैन ही एक शाखा. त्याच रोगाचा नवा प्रकार आता बिहार-उत्तर प्रदेशातही पोचला आहे. अळीला जे वेगळेपण तारून गेलं तेच आमच्या केळीपाशी नाही. हे दहावीच्या मुलाला समजलं तर तो वडिलांना विचारेल की सगळ्या शेतात एकच जात का. विचारलंच पाहिजे.

पाटणपासून जवळच पाटणे गाव आहे. तिथे १९७० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि रेषांची नक्षी कोरलेला कवचाचा एक तुकडा. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. गिरणेच्या खोऱ्यात शहामृग! आम्ही सहल नेली तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, ते लोक कोणत्या देवाला मानत असतील?" मला माहीत नव्हतं. मणी ओवणारं कोणीतरी होतं, त्याला नक्षी आवडत होती, एवढंच मी सांगू शकलो. बायबल शब्दशः धरून मोजलेल्या सहा हजार वर्षांच्या जगात त्या मण्याला जागा नाही, याचं मला त्या पोरीसमोर मनापासून वाईट वाटलं.

नानांना मी रेफ्युजीचा हिशोब शेवटी कांदाचाळीत बसून खडूने जमिनीवर काढून दाखवला. चिवट अळी, साधी अळी, त्यांची पिलं. त्यांना तो वर्गातल्या पोरांपेक्षा लवकर कळला; बैलांच्या जोड्या लावणाऱ्या माणसाला वंश कसा उतरतो ते सांगावं लागत नाही. आता तर साधं बी पिशवीतच मिसळून येतं, फेकायची सोयच राहिली नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी तंबाखू मळली आणि विचारलं, "मंग देवनी आळी कसाले बनाडी?"

मी म्हटलं, "नाना, हा पेपर माझा नाही."

"मंग कोना शे?" म्हणत ते हसले. त्या वर्षी त्यांनी डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटली आणि हरभरा पेरला. कानबाई या आमच्या खान्देशी देवीचे रोट मात्र श्रावणात नेहमीप्रमाणे झाले, आणि मी दोन जास्तच खाल्ले.